न्या सेफेरिनाचं इरुपे

न्या सेफेरिनाला मी ओळखत होतो, असं लिहायला संकोच वाटतो. (वयस्क बाईला आमच्याकडे मानाने 'न्या' म्हणतात.) आमच्या घरांमध्ये एक मोडकं कुंपण, एवढंच अंतर. तरी तरुणपणी ती कशी होती, कशावर हसायची, मला काही ठाऊक नाही. मी पाहिली ती तिची पाठ, विटांच्या हौदावर वाकलेली.

त्या हौदात इरुपे होतं, थाळ्यांसारखी पानं पाण्यावर पसरणारं. तिच्या नवऱ्याने, कालिक्स्तोने, मोठ्या नदीवरून त्याचं बी आणलं होतं. तिकडे ते आपसूक वाढतं. आमच्या गावात मात्र जुलैत, म्हणजे इकडच्या ऐन हिवाळ्यात, दक्षिणेचा गार वारा पडला आणि आभाळ मोकळं झालं की सकाळी गवत हिमाने पांढरं होतं. कंद गोठला की इरुपे संपलं, आणि दुसरं बी तिच्याकडे नव्हतं. म्हणून थंडीभर ती ऊन असतानाच हौदावर बांबू आडवे टाकायची, त्यांवर पोती, वरून दोरी. सकाळी सगळं उतरवायचं. कालिक्स्तो गेल्यावरही हे चालूच राहिलं.

"मेलं तर सुटेन मी," ती म्हणायची. "पण मरत नाही मेलं."

"मग नका झाकू."

"तुम्हाला काय जातंय, शेजारी. वर गेल्यावर तो मलाच विचारणार."

शेवटच्या हिवाळ्यात तिला खोकला धरला. एका सकाळी ती उशिरा उठली. वाऱ्याने पोती उडाली होती आणि पानांवर हिम बसलं होतं. तिच्या मुलीची धर्ममाता न्या तोमासा तिच्याआधी अंगणात पोचली होती. माटे, आमचा पाल्याचा कडू चहा, पिऊन थर्मासात उरलेलं गरम पाणी तिने पानांवर ओतलं. मी कुंपणाशी येईपर्यंत पानं शिजल्या भाजीसारखी काळी पडली होती.

"अगं बाई, उकडलंस की ते!" सेफेरिना दारातून म्हणाली.

"गारठलं होतं गं. म्हटलं, घोटभर गरम द्यावं."

"पाहुणा आहे का तो? साखर विचारलीस?"

तोमासा रडायला लागली. सेफेरिना रागावली नाही. रागवायलाही जोर लागतो. ती हौदाच्या कडेवर बसली.

"शेजारी, तुम्ही बघा. माझ्याने नाही बघवत."

मी खांद्यापर्यंत हात घातला. देठांचे काटे बोचले. खाली चिखलात कंद लागला, कच्च्या रताळ्यासारखा टणक.

"घट्ट आहे," मी म्हणालो.

"माझ्या समाधानासाठी नका सांगू."

"नाही हो. खरंच घट्ट आहे."

तिला आनंद झाला असेल. चेहऱ्यावर दिसला नाही. "म्हणजे आज परत पोती," एवढंच म्हणाली आणि कपाळाला हात लावून तशीच बसून राहिली.

दुपारी ती बांबू उचलायला आली, पण तिला ते उचलवेनात. मग मीच ते टाकले, पोती पसरली. ती खुर्चीवरून बघत होती. दुसऱ्या दिवशी पहाटे मुलगी तिला इस्पितळात घेऊन गेली, आणि ती परत आली नाही. इरुपेला वसंतात नवं पान आलं. पोती मीच टाकतो अजून, जमेल तशी.

त्या दुपारी मी दोरी बांधत होतो तेव्हा ती म्हणाली, "गाठ फार आवळू नका हो. सकाळी सोडताना माझी बोटं दुखतात."

"सैल बांधतो," मी म्हणालो.

"आणि जाताना फाटक ओढून घ्या. कोंबड्या बाहेर जातात."

"घेतो."