ग्रीझर चवथीला घरी गेला

आमच्या भावोजींइतका सावकाश माणूस अख्ख्या पेडणे तालुक्यात झाला नाही, आणि डिचोली तालुक्यात झाला असलाच तर तो अजून घरातून निघायचा असेल. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. चप्पल घालायची तर आधी उजवी उचलून तिचा तळ बघणार, मग डावीचा, मग दोन्ही शेजारी शेजारी ठेवून त्यांच्याकडे जरा वेळ पाहत उभे राहणार. तोवर म्हापशाची बस धारगळच्या पुढे पोचलेली. वाचायला काहीही हाती पडो, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत मोठ्याने वाचल्याशिवाय ते खाली ठेवत नाहीत. माझ्या लग्नाची पत्रिका त्यांनी श्रीगणेशाय नमःपासून छापखान्याच्या पत्त्यापर्यंत वाचली आणि माझ्या सासऱ्यांचं नावच त्यात नाही हे शोधून काढलं. त्याआधी ती पत्रिका घरातल्या सगळ्यांनी वाचली होती. मी वाचली होती. खुद्द सासऱ्यांनी वाचून "छान" म्हटलं होतं! आता बोला.

भावोजींचा जन्म गेला खनिजाच्या बार्जीवर. डिचोलीच्या नदीतून मुरगावला माती न्यायची आणि रिकामं परत यायचं, असं तीसेक वर्षं. तिथे ते इंजिन ड्रायव्हर होते. बार्ज धक्का सोडण्याआधी माणसं मोजायची त्यांची एक रीत होती, आणि ती त्यांनी घरातही आणली. नाव पुकारून मोजणं त्यांना मंजूर नाही. "नाव घेतला की कोणय ओ देता. तोंड बघूक व्हया," असं म्हणत ते प्रत्येकाच्या समोर जाऊन उभे राहतात. एकदा हळर्णहून टेंपो करून आम्ही सगळे एका मुंजीला गेलो होतो. परतताना भावोजींनी तोंडं बघितली, पुन्हा बघितली आणि म्हणाले, "एक जास्त आसा." आम्ही हसलो. पण खरंच मागच्या बाजूला एक अनोळखी गृहस्थ बसले होते, सकाळपासून! जातानाही आमच्याबरोबर, जेवायलाही आमच्याच पंगतीत, आणि मांडीवर आमचीच लाडवांची पिशवी. जाताना आम्हांला वाटलं ते भावोजींकडचे, भावोजींना वाटलं आमच्याकडचे. शेवटी त्यांना धारगळला हायवेवर उतरवलं, आणि ताईने सोबत दोन लाडूही दिले.

आणखी एक खोड सांगायलाच हवी. भावोजी माणसांना अरे-तुरे करतात आणि यंत्रांना अहो-जाहो. मला "बाबू", मोठ्या भावाला "मेल्या", पण मिक्सर बंद पडला की त्यावर तळहात ठेवून, डोळे मिटून, "काय होता तुमका?" ताई म्हणते, लग्नाला इतकी वर्षं झाली, मला एकदाही ताप आलेला असा बघितला नाही.

खाणी बंद पडल्या तेव्हा आम्ही दोघेही एकाच महिन्यात घरी बसलो. ते बार्जीवरून, मी डिचोलीच्या एका खाणीच्या ऑफिसातून. चाळिशी उलटलेली, दोन मुली शाळेत, आणि हाताला काम नाही. दोन वर्षांनी आमच्या वाड्यावरच्या दूध संस्थेला कॉम्प्युटरवर बसायला माणूस हवा झाला आणि मी चिकटलो. पण कच्चा. चेअरमन म्हणाले होते, "चवथ होऊ दे, मग पक्कं करू." त्या एका वाक्यावर आमचं घर चाललं होतं म्हणा ना.

काम सोपं होतं. दुधाचं भांडं यंत्राखाली धरायचं, यंत्र फॅट सांगणार, कॉम्प्युटर ते लिहून घेणार. भावोजी रोज सकाळी पोदेराच्या भट्टीतले गरम उंडे पाव घेऊन यायचे आणि माझ्याशेजारी कदेलावर बसून सगळ्या म्हशींची फॅट मोठ्याने वाचायचे. बार्जीवरची नोकरी सुटल्यावर मी त्यांना इतकं खूश कधी बघितलं नव्हतं.

गणपतीच्या चवथीचे दोन दिवस मी वहीवर भागवलं. तिसऱ्या दिवशी, गुरुवारी, प्रोग्राम चालू केला आणि पडद्यावर लालभडक ओळींची ही रांग! पहिलाच शब्द "अनसॅटिस्फाइड". म्हटलं, माझ्यावर असमाधानी व्हायला आता कॉम्प्युटरही? म्हापशाच्या इंजिनियरला फोन लावला. तो म्हणाला, प्रोग्राम जावात लिहिलाय, जावाला फॅटच्या यंत्राशी थेट बोलता येत नाही, त्यासाठी मध्ये एक डीएलएल फाइल असते, ती सापडत नसेल, पाठवतो, पाथमध्ये टाका. मला पाथ म्हणजे काय ते कळेना. विचारलं तर तो आणखी भरभर बोलायला लागला. मी ती फाइल जिथे जिथे जागा दिसली तिथे टाकली. पाच ठिकाणी टाकली. पडदा म्हणतोच आहे, सापडत नाही. अरे, ही काय समोर बसलीय ना! डोळे फुटले का तुझे? इंजिनियर म्हणाला, मग मला येऊन बघावं लागेल, आणि मी अकरा दिवसांचा गणपती पोचवल्याशिवाय येत नाही.

चेअरमन येऊन बघून गेले. जाताना म्हणाले, "सोमवारपर्यंत चालू झाला तर बरा. नाय तर आपली वही बरी. वही लिवक माझी सून आसा."

भावोजी तोवर पडद्यासमोर बसून वाचत होते. आम्ही सगळ्यांनी पहिली ओळ वाचून, फाइलीचं नाव बघून, तिचाच ध्यास घेतला होता. भावोजी ओळीवर बोट ठेवून एकेक अक्षर लावत शेवटपर्यंत गेले. शेवटी लिहिलं होतं, "कान्ट फाइंड डिपेंडंट लायब्ररीज," म्हणजे या फाइलीला लागणाऱ्या दुसऱ्या फाइली सापडत नाहीत. मग त्यांनी कॉम्प्युटरवर तळहात ठेवला.

"बाबू," ते म्हणाले, "बार्जीर सारंग वर उभो रवान हुकूम सोडता. इंजिनाक हात लावता तो ड्रायव्हर. तुझो जावा म्हणजे सारंग आणि ही फाइल म्हणजे ड्रायव्हर. बरोबर?"

"असेल," मी म्हटलं. मला तेव्हा काहीही बरोबर वाटलं असतं.

"ड्रायव्हर हजर आसा. पण तेचो ग्रीझर येवक नाय. तेलपाणी करणारो नसताना ड्रायव्हर खाली उतरणा नाय. आणि सारंग वरसून बोंबलता, ड्रायव्हर नाय, ड्रायव्हर नाय!"

"मग ग्रीझरचं नाव काय?"

"ता हयसर लिवलेला नाय."

झालं! नाव माहीत नसलेला माणूस शोधायचा, तोही कॉम्प्युटरच्या पोटात. पण भावोजी उठले, चपलांचे तळ बघितले आणि शुक्रवारी पहाटे दोन बसगाड्या बदलून डिचोलीला गेले. तिथल्या एका दूध केंद्रात हाच प्रोग्राम धडधाकट चालत होता. तिथे त्यांनी काय करावं? दोनशे पानी वही काढली आणि त्या कॉम्प्युटरातल्या डीएलएल फाइलींची नावं एकेक करून हाताने उतरवायला घेतली! मी फोनवर ओरडलो, "अहो, मोबाइलवर फोटो काढा!" तर म्हणतात, "फोटो काढल्यार बघितल्यासारखा वाटता. बघितलेला नसता." शुक्रवार गेला, शनिवार गेला. केंद्रातल्या मुलीला वाटलं हे सरकारी तपासनीस. तिने त्यांना दोन्ही दिवस चहा-भजी दिली आणि न मागता सगळी रजिस्टरं आणून पुढ्यात ठेवली. भावोजींनी तीही वाचली. एवढं करून शनिवारी संध्याकाळी ते इंग्रजी बाराखडीतल्या एमपर्यंत पोचले होते.

रविवारी आम्ही हजेरी घेतली. ते वहीतून नाव वाचणार, मी पडद्यावर शोधून "हजर" म्हणणार. औषधांसारखी ती नावं! सकाळपासून दुपारपर्यंत मी हजर, हजर म्हणत होतो. मुली खिडकीतून बघून हसून गेल्या. माझ्या डोक्याचा भुगा झाला होता, आणि उद्या सोमवार. वहीची शेवटची दोन पानं राहिली असताना भावोजींनी वाचलं, "एमएसव्हीसीआर शंभर."

मी शोधलं. पुन्हा शोधलं. नव्हता.

भावोजींनी चष्मा पुसला आणि वहीच्या मागच्या पानावर गेले. डिचोलीच्या कॉम्प्युटरात कुठले कुठले प्रोग्राम बसवलेत ती यादीही त्यांनी उतरवून आणली होती. त्यात "व्हिज्युअल सी प्लस प्लस" हे नाव लागोपाठ पाच वेळा होतं, पुढचा आकडा तेवढा वेगळा. "तुझ्याकडे ह्यातला एकय नाय, बाबू. असा कसा?"

आणि मला आठवलं. देवा रे! चवथीच्या आदल्या दिवशी सगळा गाव साफसफाईत असतो. घराला चुना लावून झाला, अंगणातलं गवत काढून झालं, म्हटलं संस्थेचा कॉम्प्युटरही स्वच्छ करूया. यादी उघडली तर एकाच नावाचे पाच जण. कोणीतरी चुकून पाचदा भरलंय असं समजून मी एकेक काढत गेलो, शेवटचाही काढला, त्यांतल्याच एकाबरोबर हा ग्रीझर गेला, आणि वर कॉम्प्युटरला हळदकुंकू लावून घरी आलो. मीच! मोठा शहाणा!

सांगायची गरजच पडली नाही. माझं तोंड बघायला भावोजी समोरच होते. ते नीट बघून म्हणाले, "ग्रीझर घराक गेलो आसतलो. चवथ मा?"

इंजिनियरला नेमकं नाव सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "हे आधी सांगायचं ना," आणि पाच मिनिटांत त्याने लिंक पाठवली. ते बसवलं. यंत्राने पहिल्या भांड्याची फॅट बोलून दाखवली तेव्हा मला रडूच आलं. भावोजी कॉम्प्युटरला म्हणाले, "या, बसा."

सोमवारी संचालक मंडळ जमलं. चेअरमन खूश होते, पण पक्के हिशेबी. म्हणाले, "वस्तू आपसूक नाहीशी होत नाय. काढली कोणी?" माझ्याकडेच बघत होते. तेवढ्यात दाराकडून आवाज आला, "मीच काढलंय. चवथीच्या आदल्या दिसा. नावां सारखी दिसली, म्हटलां कचरो."

खोटं! त्या दिवशी भावोजी सकाळपासून रात्रीपर्यंत गणपतीवर टांगायची फळाफुलांची माटोळी बांधत होते. एकेक सुपारी आणि एकेक तवसं सावकाश. मला माहीत होतं. मी गप्प बसलो. मंडळाने ठराव केला की बाहेरच्या इसमाने यापुढे संस्थेच्या कॉम्प्युटरजवळ जाऊ नये. तो ठराव इतिवृत्तात मी माझ्या हाताने लिहिला. चांगल्या अक्षरात लिहिला. पुढच्या महिन्यात मला पक्कं केलं.

त्यानंतर भावोजी उंबऱ्याच्या आत आले नाहीत. उंडे घेऊन यायचे, खिडकीबाहेर उभे राहायचे आणि तिथूनच मान वाकडी करून पडदा दिसतो का बघायचे. मी म्हणायचो, "या हो आत, कोण बघतंय?" तर म्हणायचे, "ठराव आसा." एकदा रस्त्यात मी त्यांचे हात धरून विचारलं, तुम्ही असं का केलंत? ते म्हणाले, "बार्जीर ग्रीझर चुकलो तर ड्रायव्हर म्हणता, मी चुकलंय. ग्रीझराची नोकरी जाता. ड्रायव्हराक नुसती बोलणी बसतत." बस्स, एवढंच. आणि वाटेतल्या एका दुकानाची पाटी वाचायला थांबले.

वर्षं गेली. मुली शिकल्या, थोरलीचं लग्न झालं, ते सगळं त्या पक्क्या नोकरीवर. रोज सकाळी तो माणूस बाहेर उभा आणि मी आत खुर्चीवर. मला लाज वाटायची. यंदा मी निवृत्त झालो. निरोपाच्या सभेत माझं कौतुक सुरू झालं आणि मला ते सहन होईना. उठून सगळं सांगून टाकलं. नवा चेअरमन तरुण आहे; सगळे खो खो हसले, म्हणाले, "काका, एवढंच ना?" आणि टाळ्या वाजवून ठराव रद्द केला. मी नारळ आणि शाल तशीच टाकून भावोजींकडे धावलो.

ते ओट्यावर मिरी वाळत घालत होते. मी धापा टाकत सांगितलं की सगळ्यांसमोर कबूल केलं, ठराव गेला, उद्यापासून आत बसा. मला वाटलं हसतील. त्यांनी विचारलं, "कोण कोण होते?" मी नावं सांगितली. ते मिरी अर्धवट ठेवून आत निघून गेले.

चार दिवस ते संस्थेकडे फिरकले नाहीत. ताई म्हणाली, नीट जेवतही नाहीत, काय केलंस तू त्यांना? मी काय केलं? चांगलंच केलं ना! पाचव्या दिवशी मी जाऊन त्यांच्याजवळ बसलो. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाबू, तुझी एक चूक माझ्याकडे ठेवलेली होती. माका न इचारता तू घेवन गेलंस."