पठारावरचं गाऱ्हाणं

यंदाच्या चतुर्थीला मी देवाशी अबोला धरला होता. गणपती घरात आले, आरत्या झाल्या, मोदकही मीच केले. पण हात जोडून एक शब्द बोलले नाही. ज्या घरात यजमानाचीच वाचा त्याने नेली, त्या घरात कसलं बोलायचं, असं मनात घट्ट धरून बसले होते.

आषाढात आमच्या ह्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू हळूहळू सुधारली. काठी घेऊन अंगणात फिरू लागले, डाव्या हाताने जेवू लागले. पण शब्द म्हणून एक फुटेना. बोललेलं सगळं कळायचं, डोळे उत्तर द्यायचे, ओठ हलायचे, आणि मग स्वतःवरच चिडून तोंड फिरवायचे. मालवणातल्या डॉक्टरांनी सांगितलं की धीर धरा, कदाचित येईल. त्या ‘कदाचित’वर मी दोन महिने काढले. रात्रंदिवस बडबडणाऱ्या माणसाशी संसार केलेल्या बाईला शांत घर सहन होत नाही. पूर्वी मीच म्हणायची, जरा गप्प बसा हो, डोकं उठलं. आता त्यांनी एकदा तरी माझं डोकं उठवावं, एवढंच माझं मागणं होतं.

आमच्या वाडीत गाऱ्हाणं घालावं तर ह्यांनीच. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे उभं राहून सगळ्यांच्या वतीने मोठ्याने केलेली विनवणी. एकाने सांगायचं आणि प्रत्येक मागण्याला बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साथ द्यायची. ह्यांचं गाऱ्हाणं लांबलचक. त्यात गुराढोरांपासून मुंबईतल्या चाकरमान्यांच्या बढतीपर्यंत सगळं यायचं. यंदा ते पुतण्याने, विजूने, मोबाइलवर बघून वाचलं आणि मध्येच त्याला फोन आला. सगळे हसले. हे खुर्चीवर बसून जमिनीकडे बघत होते. मी स्वयंपाकघरात निघून गेले.

माटवीचीही तीच गत. गणपतीच्या डोक्यावर आम्ही लाकडी चौकट टांगतो, तिला रानातली फुलं-फळं बांधतो. तेरडा, शेरवडं, कवंडळं हे सगळं दरवर्षी हे स्वतः रानात फिरून आणायचे. यंदा बाजारातल्या कागदी माळा लावल्या. हे माटवीकडे बघायचे आणि मान खाली घालायचे.

गणपती पोचवल्यावर आठवड्याभराने विजू म्हणाला, “काकी, काका दरवर्षी म्हणायचे मा, एकदा वर घाटार जाऊन फुला बघूया? चला, मी गाडी काढतंय.” घाटमाथ्यावर राष्ट्रीय उद्यान आहे. भाद्रपदात तिथलं पठार फुलांनी भरून जातं, हे ह्यांनी पेपरात वाचलेलं. मी म्हटलं, आजारी माणसाला घेऊन कसली मजा करायची? पण हे काठी घेऊन गाडीपाशी जाऊन उभेच राहिले. हट्टीपणा आजाराने तसूभर कमी झालेला नव्हता.

वैभववाडी मागे टाकून घाट चढलो. उद्यानाच्या दाराशी मोठी पाटी होती, फुले तोडू नयेत. ह्यांना ऐकू जाईल अशी मी ती वाचली. ह्यांनी मान डोलावली.

आणि मग ते पठार. मला वर्णन करता येत नाही. नजर जाईल तिथवर गुलाबी तेरडा, मध्येमध्ये पिवळी सोनकी, आणि पाणी झिरपत होतं तिथे सीतेची आसवं, निळी, बोटाच्या पेरापेक्षाही लहान. आमच्याकडे देवाच्या डोक्यावर हातभर माटवी असते. इथे ती पायाखाली अंथरलेली. मला आधी आनंदच झाला, खोटं का सांगू. आणि लगेच राग आला. एवढी फुलं माणूस फिरकत नाही तिथे लावायला तुला वेळ आहे, आणि माझ्या माणसाच्या तोंडात एक शब्द ठेवायला नाही? असं मी मनातल्या मनात देवाला चांगलं सुनावलं. कितीतरी दिवसांनी मी त्याच्याशी बोलत होते, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

मागे वळून बघते तर हे पायवाटेच्या कडेला खाली बसलेले. डाव्या हाताने तेरडा खुडून मांडीवर जुडी केलेली, आणि गवताची काडी दातात धरून ती बांधायची खटपट चाललेली. माटवीला बांधतात तशीच. राहिलेली माटवी पुरी करायला बसले होते ते. गणपती तर कधीच पाण्यात गेले होते.

तेवढ्यात वनरक्षक आला. चाळिशीचा, खाकी कपड्यांतला. “काकानू, ह्या काय केल्यात? बोर्ड दिसाक नाय तुमका? फुला तोडूची नाय म्हणान लिवला आसा मा?” चांगला खणखणीत ओरडला. ह्यांनी दचकून वर बघितलं. आजारापासून ह्यांच्याशी सगळे तान्ह्या बाळाशी बोलावं तसं बोलत होते. मोठ्या माणसासारखं रागावलं असं कोणीच नव्हतं. मी पुढे झाले. ह्यांचं आजारपण आणि यंदाची राहिलेली माटवी भराभर सांगितली; वाचा गेल्याचं तेवढं सांगायचं राहून गेलं. त्याने ह्यांच्या मांडीवरच्या जुडीकडे बघितलं. मग म्हणाला, “मी खालचोच, वैभववाडीचो. माटवी आमच्याकडेय आसता. पण काकी, फुला भायर नेऊक दिवचंय नाय. देवाची आसत, देवाकच देऊया. चला, गाऱ्हाणा घालतंय.”

त्याने विजूच्या मदतीने ह्यांना उभं केलं, जुडी एका कातळावर ठेवायला लावली. सगळ्यांना चपला काढायला सांगितल्या, स्वतःची टोपी काढली. आणि मोकळ्या पठारावर, वाऱ्यात, त्याने सुरुवात केली.

“बा देवा म्हाराजा, ह्या डोंगराच्या राखणदारा, आज ह्या तुज्या लेकरान तुज्या मळ्यातली फुला चुकान काडल्यान, ती तुज्याच पायार ठेवली आसत रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” विजू म्हणाला. मी म्हटलं नाही. हट्ट अजून सुटला नव्हता.

“काय चुकला माकला आसात ता पोटात घाल रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.” या खेपेला विजूच्या आवाजाखाली आणखी एक आवाज होता. जाडसर, गंज चढल्यासारखा. मला वाटलं वारा असेल.

“घरादाराची, बायलमाणसाची, पोराबाळांची राखण कर रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

आता विजू गप्पच होता. तो तोंड उघडं टाकून काकाकडे बघत होता. हे कातळावरच्या जुडीकडे बघत उभे होते, डावा हात छातीशी धरून, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आवाज ह्यांचा होता. मी ह्यांचा दंड धरला आणि पुढच्या मागण्याला आम्ही दोघांनी मिळून ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं.

वनरक्षकाला काहीच कळलं नव्हतं. सांगायला माझ्या तोंडातून शब्द फुटेना; आमच्या घरात मुकं व्हायची पाळी आता माझी होती. त्याने टोपी घातली, “सांबाळून जावा, धुका येतला,” म्हणाला आणि आपल्या वाटेने निघून गेला. त्याचं नावही मी विचारलं नाही. रोज दिवा लावताना त्याच्यासाठी एक वात जास्त लावते.

डॉक्टर म्हणाले, पाठ असलेलं देवाधर्माचं कधीकधी असं आधी परत येतं. येत असेल. मी वाद घातला नाही. दोन महिने मी देवापुढे अडून बसले होते की आधी ह्यांना बोलतं कर, मग मी बोलेन. आणि ह्यांनी काहीच न मागता, दुसऱ्याने मागितलेल्याला नुसतं ‘हो’ म्हटलं. तेवढंच त्यांच्यापाशी शिल्लक होतं, तेवढं त्यांनी दिलं.

अजून फार शब्द आलेले नाहीत. चहा हवा का विचारलं तरी ‘व्हय म्हाराजा’, औषध घेतलं का तरी ‘व्हय म्हाराजा’. घेतलेलं नसतं, ही गोष्ट वेगळी. आमच्याकडे बायका गाऱ्हाणं घालत नाहीत. मी घालते, रोज तिन्हीसांजेला, ह्यांना शेजारी बसवून. एखाद्या दिवशी मागायला काही सुचत नाही. “बा देवा म्हाराजा,” एवढं म्हणते आणि थांबते. हे वाट बघत नाहीत. म्हणतात, “व्हय म्हाराजा.”