लाल कोट, हिरवं दार

सिग्नलचा लाल दिवा वर आणि हिरवा खाली, एवढ्या एका आधारावर धाकटा आयुष्यभर रस्ते ओलांडत आला होता. उद्या कुणा साहेबाच्या डोक्यात आलं आणि त्याने दिवे आडवे बसवले, तर? मुलगा एकोणतीस वर्षांचा झाला, तरी भाजी चिरताना नाहीतर कपडे वाळत घालताना आईच्या मनात हा विचार मध्येच यायचा आणि हातातलं काम थांबायचं.

त्याला लाल आणि हिरवा वेगळे दिसत नाहीत हे कळलं तो दुसरीत असताना. त्याने झाडाची पानं विटकरी रंगवली आणि बाईंनी वहीत ‘लक्ष देत नाही’ असा शेरा मारला. मोठा झाल्यावर कापडाच्या दुकानात नोकरी लागली. तिथे मरून रंग मागणाऱ्या गिऱ्हाइकाला त्याने शेवाळी कापड फाडून दिलं आणि मालकाने हात जोडून त्याला घरी पाठवलं. त्यानंतर चार महिने तो भिंतीकडे तोंड करून पडून होता. थोरली बहीण तेव्हापासून त्याला ‘चित्रकार’ म्हणायची. तिच्या जिभेला हाड नव्हतं.

शेवटी तो घड्याळं दुरुस्त करायला शिकला. त्या कामात रंगाचं काही नडत नाही. दुकान काढलं, दुकानामागच्या खोलीतच राहू लागला. आई त्याच्या शर्टांच्या कॉलरमागे दोऱ्याने खुणा करून द्यायची. एक टाका हिरव्याला, दोन तपकिरीला.

कॅमेराही त्याच्याकडे दुरुस्तीलाच आला. पलीकडच्या स्टुडिओतल्या फोटोग्राफरकाकांचा, किल्लीवर चालणारा जुना सिनेमाचा कॅमेरा. स्प्रिंग अडकली होती. धाकट्याने ती मोकळी केली, किल्ली दिली आणि कितीतरी वेळ नुसता कान लावून बसला. मग काकांना म्हणाला, “मजुरी नको. आठवडाभर वापरू द्या.”

काकांकडे काळ्यापांढऱ्या फिल्मचं एकच रीळ उरलं होतं. शंभर फूट, म्हणजे पावणेतीन मिनिटं. तसलं दुसरं रीळ आता मिळायची मारामार. “बिघडलं की संपलं,” त्यांनी बजावलं.

पावणेतीन मिनिटांत मावेल अशी गोष्ट त्याने रचली. एक बाई एका दाराशी येते, बेलकडे हात नेते आणि परत फिरते. पुन्हा येते, जराशी पायरीवर बसते, निघून जाते. तिसऱ्यांदा येते तेव्हा दार आतूनच उघडतं. बाई व्हायला थोरली तयार झाली, आणि दार आईच्याच घराचं. शेजारी काय म्हणतील, ही आईची पहिली काळजी. दुसरी ती कुणाशी बोलली नाही. हे रीळ वाया गेलं, तर तो पुन्हा भिंतीकडे तोंड करेल.

शूटिंगच्या सकाळी थोरली नवाकोरा लाल कोट घालून आली. दार हिरवं होतं.

“वा,” काका म्हणाले. “हिरव्यावर लाल. कशी उठून दिसतेय बघा.”

धाकट्याने कॅमेऱ्यावरचा डोळा काढला नाही. “ताई, तू दिसतच नाहीस.”

“म्हणजे?”

“कोट आणि दार एकच झालंय. दुसरं काहीतरी घाल.”

“ऐका, चित्रकार बोलले. अरे, हा लाल आहे आणि ते हिरवं.”

“फिल्मला लाल-हिरवं कुठे कळतं? तिला गडद आणि फिकट एवढंच कळतं. ही दोन्ही सारखीच गडद आहेत.”

“चाळीस वर्षं लग्नाचे अल्बम काढतोय मी,” काका म्हणाले. “बाबा रे, रंगाच्या बाबतीत तरी तू मला शिकवू नकोस.”

सगळ्यांनी आईकडे पाहिलं. रंगाच्या बाबतीत त्याची चूक काढायची तिला इतकी सवय की तोंडातून आपसूक निघालं, “राजा, काका म्हणतात तसं कर ना.”

तो रागावला नाही. त्याने किल्ली द्यायची तेवढी थांबवली. “आई, तू सांगशील तो शर्ट मी आजवर घातला. पण हे रीळ एकच आहे, आणि ते माझ्यासारखंच बघतं. आज तुमचं कसं ऐकू?”

आई आत गेली, कपाट उपसलं आणि तिचा फिकट पिवळा रेनकोट घेऊन आली. थोरलीने तो घालून नाक मुरडलं. “केळ्यासारखी दिसतेय मी.”

“दिसतेस ना? बस्स झालं.”

मग दिवसभर त्याने सगळ्यांना राबवलं. एका किल्लीत जेमतेम पंचवीस सेकंद. थोरलीकडून पाच-पाच वेळा कोरडी तालीम करून घ्यायची आणि कॅमेरा एकदाच चालवायचा. संध्याकाळी फिल्मचे दहा सेकंद उरले. “ते माझे,” काका म्हणाले. “घाल गं पोरी तो लाल कोट. होऊनच जाऊ दे.” धाकट्याने हसून कॅमेरा त्यांच्या हाती दिला.

फिल्म काकांनी स्वतः धुतली. रविवारी दुपारी स्टुडिओचे पडदे ओढून त्यांनी प्रोजेक्टर लावला. आईचा जीव टांगणीला. भिंतीवर आधी नुसतेच ठिपके नाचले, मग दार आलं, काळसर, जड. आणि त्यापुढे पांढऱ्या उजेडासारखी एक बाई. तिचा उचललेला हात, पडलेले खांदे, पायरीवरचं ते अवघडून बसणं, काही म्हणजे काही लपलं नाही. तिसऱ्यांदा दार उघडलं तेव्हा आईने श्वास रोखून धरला होता. ते दार तिनेच तर उघडलं होतं.

“ही मी आहे?” थोरली हळूच म्हणाली. एरवी तिला इतकं थोडं बोलता येत नसे.

तेवढ्यात काकांचे दहा सेकंद आले. भिंतीवर पुन्हा दार, आणि दाराच्या मध्यावर अधांतरी एक चेहरा. खाली दोन हात, त्यातला एक ऐटीत कमरेवर, आणि कंबर बेपत्ता. बाकीची थोरली दारात विरघळून गेली होती.

मग जो हशा उसळला, त्यात काकांचाच आवाज सगळ्यात मोठा. डोळे पुसत त्यांनी ते दहा सेकंद चारदा लावले. “हरलो बुवा,” ते म्हणाले. “कॅमेरा राहू दे तुझ्याकडेच. एका मित्राकडे दोन रिळं पडून आहेत, ती मी आणवतो. दुसरी गोष्ट शोधायला लाग.” धाकटा कानापर्यंत लाल झाला. हे त्याला स्वतःला दिसलं नसतं, पण आईला दिसलं.

“हे डोळे कुणाचे रे? बाबांचे?” काकांनी विचारलं.

“असतील,” तो म्हणाला.

आईने पायात चपला सरकवल्या. घरी येऊन मात्र ती खुर्चीत बसून राहिली. तिने प्राणिशास्त्रात पदवी घेतली होती. हा दोष मुलाला आईकडून येतो आणि आईला स्वतःला त्याचा पत्ताही नसतो, ही आकृती तिने परीक्षेत काढून दाखवली होती. तो आपल्याकडूनच आलाय, हे दुसरीतल्या त्या शेऱ्यापासून तिला ठाऊक होतं. पण घरात सगळे बाबांकडे बोट दाखवायचे, बाबाही हसून मान डोलवायचे, आणि तिने तसंच चालू दिलं. बाबा जाऊनही बारा वर्षं झाली.

दोष होता तोवर गप्प बसता आलं. आता मात्र सगळं कौतुक बाबांच्या नावावर चाललं होतं, आणि तिला ते मुळीच खपेना. मुलगा चिडेल, इतकी वर्षं का बोलली नाहीस म्हणेल. म्हणू दे. एव्हाना तो दुकानात पोचला असेल. फोन त्याच्या टेबलावरच असतो.

आज जेवलास का, असं आधी विचारायचं नाही, थेट मुद्द्याचं बोलायचं, असं ठरवून ती उठली आणि तिने फोन उचलला.