उलटेबाईंच्या पट्ट्या

शाळेत सगळे त्यांना उलटेबाई म्हणत. अपूर्णांकांचा भागाकार आला की बाईंचं एकच वाक्य: दुसऱ्याला उलटं करा आणि गुणा. बावीस वर्षं सहावीच्या वर्गानं हे एका सुरात म्हटलं होतं. उत्तरं चुकत नसत. बाईंना त्या नावाचा राग नव्हता, उलट मनातून थोडा अभिमानच होता.

गेल्या महिन्यात तपासणीला आलेल्या बाईंनी शेवटच्या बाकावरच्या चष्मेवालीला उभं केलं. अर्ध्याला पावानं भागलं तर? पोरीनं झटकन सांगितलं, दोन. का दोन? चष्मेवाली गोंधळली आणि म्हणाली, "बाई म्हणतात म्हणून."

मुख्याध्यापकांनी त्याच दिवशी बोलावून घेतलं. येत्या सोमवारी तपासणीच्या बाई पुन्हा येणार होत्या. तेव्हाही मुलांना कारण सांगता आलं नाही, तर सहावीचं गणित काढून घेणार, बाईंनी दुसरीच्या वर्गाला पाढे म्हणायला लावायचे. आवाज न चढवता त्यांनी हे सांगितलं, म्हणून ते जास्तच लागलं.

घरी येऊन बाई कागद पुढे घेऊन बसल्या. का दोन, हे त्यांनाही सांगता येईना. शिकवलं तसं शिकल्या होत्या, शिकल्या तसं शिकवलं होतं. जुनं पुस्तक धुंडाळलं तेव्हा कुठे सापडलं: अर्ध्यात पाव किती वेळा बसतो, एवढंच विचारायचं. कागदाच्या पट्ट्या घड्या घालून दाखवायच्या.

रविवारी दुपारभर त्या जेवणाच्या टेबलावर कात्री चालवत होत्या. यजमान पेपरामागून म्हणाले, "आता या वयात हस्तकला का?" बाई हसल्या नाहीत. प्रत्येकाला दोन पट्ट्या, एकीची घडी अर्ध्यावर, दुसरीची पावावर. कोऱ्या उत्तरपत्रिका संपत आल्या, तेव्हा राहिलेल्या पट्ट्या त्यांनी जुन्या हजेरीपटाच्या लांब पानांतून कापल्या. कागद तो कागदच, त्यात काय बघायचं.

सोमवारी सकाळी देवाला हात जोडताना मागणं एकच होतं: एवढा वर्ग राहू दे.

पुढचे बाक छान चालले. पाव दोनदा बसला, मुलं खूश झाली, तपासणीच्या बाईंनी काहीतरी लिहूनसुद्धा घेतलं. मग मागून चष्मेवालीचा हात वर आला.

"बाई, माझ्या अर्ध्यात पाव जवळजवळ तीनदा बसतोय."

बाईंनी जाऊन पाहिलं. खरंच बसत होता. शेजारच्या पट्ट्या पाहिल्या, तिथेही तीच गत. वर्गात कुजबुज सुरू झाली. तपासणीच्या बाई पेन थांबवून वाट पाहत होत्या. बाईंच्या तोंडातून सवयीनं निघून गेलं, "पट्ट्या ठेवा. दुसऱ्याला उलटं करा आणि गुणा."

वर्गानं एका सुरात म्हटलं. उत्तर दोन. तपासणीच्या बाईंनी फाइल मिटली.

मधल्या सुट्टीत पट्ट्या गोळा करताना चष्मेवालीच्या दोन पट्ट्या त्यांच्या हातात एकावर एक आल्या. एक हजेरीपटाची, लांब. दुसरी उत्तरपत्रिकेची, आखूड. अर्धा एकीचा, पाव दुसरीचा. मुळात आख्खंच सारखं नव्हतं, मग पाव बसणार कसा? बावीस वर्षांत पहिल्यांदा एका पोरीनं बाईंच्या शब्दाऐवजी स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवला होता, आणि तिला त्यांनी गप्प बसवलं होतं.

मंगळवारी त्या पट्ट्या घेऊन त्या सहावीच्या दाराशी गेल्या. फक्त पाच मिनिटं हवी होती. आत नव्या मास्तरांनी खडू हातात घेतला होता.

"बाई, तास सुरू झालाय," ते नम्रपणे म्हणाले.

चष्मेवालीनं मान वर केली नाही. ती वहीत लिहीत होती आणि ओठ सगळ्यांबरोबर हलत होते: दुसऱ्याला उलटं करा.

पलीकडे दुसरीचा वर्ग बाईंची वाट पाहत होता.