साहेबांच्या पडद्यावरचं अंडं

"हे चाक आहे? कोंबडी बसवा त्याच्यावर, पिल्लू निघेल!"

ओरडत होते आमचे साहेब. खोपोलीच्या आमच्या कारखान्यात यंत्रांची ओतीव चाकं व्हायची, आणि साहेबांनी आवाज चढवला की शिळफाट्यावर वडेवाल्याच्या कढईतलं तेल हिंदकळायचं. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. केबिनमध्ये नवाकोरा रंगीत मॉनिटर आला होता आणि त्यावर आमचं चाक उभं अंडं होऊन बसलं होतं. जेवणानंतर गिऱ्हाईक येणार, आणि चाक दाखवायचं ते याच पडद्यावर!

बोलणी खात होत्या त्या आमच्या कॉम्प्युटरवाल्या बाई. पळसदरीच्या. टायपिंगच्या खोलीतून भांडून भांडून या खुर्चीवर आलेल्या. भांडणात त्यांनी कारखान्याची अर्धी भिंत पाडली असं मी सांगत असे. निदान गिलावा तरी पडला असावा.

"गिऱ्हाइकासमोर हे असं दिसलं तर कॉम्प्युटर गोदामात आणि तुम्ही परत टायपिंगला," साहेबांनी निकाल दिला.

"माझ्या टेबलावर गोल दिसतंय. या, बघा."

मी ड्राफ्ट्समन, शिवाय फोरमन आणि साहेब, अशी आमची वरात निघाली. बाईंच्या हिरव्या मॉनिटरवर चाक खरंच पौर्णिमेच्या चंद्रासारखं.

"मग आधीच चपटं काढा ना! माझ्याकडे गोल दिसेल."

"आणि कागदावर चपटं छापून येईल."

"आन् आमी तसंच वतलं तर?" फोरमन कळवळला. "साहेब, मशिन लंगडत जाईल वो!"

"चित्राला हात लागणार नाही," बाई म्हणाल्या. पडद्यावर चित्र उमटवणारा प्रोग्राम, त्याला त्या ड्रायव्हर म्हणत, सगळ्या मॉनिटरना एकच माप लावी. चित्र ज्या बारीक ठिपक्यांचं बनतं ते सगळीकडे चौकोनीच, असं त्याने गृहीत धरलेलं. साहेबांच्या पडद्याचे ठिपके होते उभट. म्हणजे त्या पडद्यापुरतंच वेगळं माप ड्रायव्हरला शिकवायला हवं होतं.

साहेब जेवायला गेले आणि बाई केबिनमध्ये शिरल्या. पत्र्यावर तांदूळ ओतावेत तशी बटणं वाजायला लागली. पडद्यावर एक वर्तुळ आणलं, हातातली काचेची बांगडी काढून त्यावर टेकवली. वर्तुळ वरखाली बाहेर डोकावत होतं. उंची कमी केली, पुन्हा बांगडी. अजून जरा कमी, पुन्हा बांगडी. शेवटी वर्तुळ बांगडीमागे असं दडलं की फोरमन म्हणाला, "गेलं कुटं गं बाय?"

एवढ्यावर थांबतील त्या बाई कसल्या! ड्रायव्हर सुरू होताना आधी विचारेल अशी सोय त्यांनी केली, पडदा कोणता: हिरवा, रंगीत की इतर? 'इतर' म्हटलं तर उंची-रुंदी आपली आपण द्यायची. जेवणाच्या सुट्टीत, डबा न उघडता, हे सगळं! मी तर म्हणतो, त्या दिवशी कोणी घरचा पाटा आणून जोडला असता तरी त्यावर चाक गोल उमटलं असतं.

गिऱ्हाईक आलं, खुर्ची ओढून पडद्याला नाक लावून बसलं, आणि ऑर्डर देऊन गेलं. साहेब केबिनच्या दारात छाती फुगवून उभे. सगळ्या कारखान्याला ऐकू जाईल असं म्हणाले, "झालं की नाही शेवटी चाक गोल?"

बाईंनी बांगडी हातात चढवली, डबा उघडला.

"चाक गोलच होतं, साहेब."