कार्टूनमधल्या बापाचा आवाज

काल दवाखान्यात एक चिमुरडी आईला नाकातून म्हणाली, "असं नसतं गं बाईऽऽ." सगळे हसले. मी हसलो नाही, पण आतून सुखावलो.

टीव्हीवरच्या एका कार्टून मालिकेतला मूर्ख बाप असं बोलतो. मराठीत त्याला आवाज माझा आहे, ढब मात्र माझ्या पहिल्या दिग्दर्शकाची. भरल्या स्टुडिओत ते मला म्हणाले होते, "असं नसतं रे बाबा. तुझा आवाज भाजी विकायला ठीक आहे." मी खाली मान घालून निघून आलो.

पुढे दुसरीकडे हे काम मिळालं, तेव्हा त्यांचं नाकात बोलणं, वाक्याआधी खाकरणं, सगळं त्या बापाला देऊन टाकलं. मालिका वर्षानुवर्षं चालली. शाळांत, लग्नांत, रिक्षा स्टँडवर लोक तसे बोलू लागले. माणसं म्हातारी होतात, कार्टूनमधली होत नाहीत. म्हणून माझा सूडही ताजा राहिला.

मध्यंतरी त्यांचा फोन आला. "माझी नातसुद्धा मला हसते रे. तेवढा आवाज बदल," ते म्हणाले. बोलताना त्यांना धाप लागत होती.

"बघतो सर," मी म्हणालो.

त्या आठवड्याच्या रेकॉर्डिंगला मी बापाच्या आवाजात ती धापही घातली.