निम्म्याच्या आत

दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहणाऱ्या रमाबाई मेश्राम केंद्र सरकारच्या एका खात्यात सेक्शन ऑफिसर होत्या. एखाद्या पानावर नंबर नसला तरी फाईल परत पाठवायच्या. पण पाळी जाऊन सहा वर्षं झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तेव्हा ते प्रकरण त्यांनी स्वतःच चार महिने दाबून ठेवलं. आधी संसदेचं अधिवेशन, मग ऑडिट, मग उन्हाळा.

शेवटी कपडे मशीनला लावताना लेक समतानं डाग पाहिला. "आई, ये क्या है? कब से?" दिल्लीत वाढलेली पोर, चिडली की हिंदीत शिरायची.

डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली. या वयात गर्भाशयाचं अस्तर चार मिलिमीटरच्या आत असावं. रमाबाईंचं सतरा भरलं. तुकडा तपासायला गेला आणि कॅन्सर निघाला, पण मवाळ जातीचा. तो गर्भाशयाच्या भिंतीत किती खोल उतरलाय हे बघायला एमआरआय सांगितला.

यजमान काशीनाथराव रेल्वेतून निवृत्त झालेले इंजिनियर. त्यांचं एवढ्यानं समाधान होईना. "मॅडम, डोक्यापासून पायापर्यंत पेट स्कॅनच करून टाका. एकदाचा सोक्षमोक्ष लागेल."

"सध्या गरज नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आपल्या हक्काचं काहीतरी नाकारलं गेल्यासारखा काशीनाथरावांचा चेहरा पडला.

"माताजी, हिलना मत," असं बजावून टेक्निशियननं रमाबाईंना त्या बोगद्यात सरकवलं. कानाशी ठणठणाट सुरू झाला. पण फोन नव्हता, सही मागणारं कुणी नव्हतं. तीस वर्षांतली ही पहिली खरी सुट्टी, असं त्यांच्या मनात आलं, आणि लगेच रडू फुटलं. रडलं की पोट हलतं. तेही आवरावं लागलं.

रिपोर्ट आला: भिंतीच्या निम्म्याहून कमी. काशीनाथरावांना हुरूप आला. ज्या माणसानं उभ्या संसारात 'पाळी' हा शब्द मोठ्यानं उच्चारला नव्हता, तो आता दुधाच्या बूथवर शेजारच्या हरीशला मोबाईलवर बायकोचं गर्भाशय दाखवू लागला. "ही भिंत, आणि हा पांढुरका भाग दिसतो ना, तो ट्यूमर. बघा, निम्म्याच्या आत!"

"अहो," रमाबाई घरी आल्यावर म्हणाल्या, "माझं पोट आहे ते. पुलाचा नकाशा नाही."

ऑपरेशन झालं. गर्भाशय, अंडाशयं काढली. दहा दिवसांनी पॅथॉलॉजीचा कागद आला: कॅन्सरनं निम्मी भिंत जराशी ओलांडलेली होती.

"म्हणजे मशीन चुकलं?" काशीनाथरावांचा आवाज चिरकला.

"शेजारी एक साधी, फायब्रॉइडची गाठ होती. तिच्यामुळे भिंत ताणली गेली, कड नीट दिसली नाही," डॉक्टरीणबाईंनी समजावलं. "असं होतं कधीकधी. बाहेर कुठे पसरलेला नाही. आतून किरणांच्या तीन बैठका घेऊ."

काशीनाथरावांना दोन दिवस जेवण गेलं नाही. पोटाला टाके असलेल्या रमाबाईंनीच त्यांच्यासाठी खिचडी टाकली. "मसुदा तो मसुदा," ताट पुढे ठेवत त्या म्हणाल्या. "अंतिम आदेश आल्यावर बदलतोच. जेवा आता."

किरणांच्या बैठका पार पडल्या. रमाबाई कामावर रुजू झाल्या. सहा महिन्यांनी तपासणीला जाताना काशीनाथरावांनी सगळ्या फिल्म तारखेवार लावून पिशवीत घेतल्या. डॉक्टरीणबाईंनी त्या उघडल्यासुद्धा नाहीत. पडद्याआड हातानं तपासलं आणि म्हणाल्या, "छान आहे. तीन महिन्यांनी या."

"आणि स्कॅन?"

"तक्रार असेल तरच. काही त्रास होतो का, ते यांनाच विचारत जा."

परतीच्या ऑटोत काशीनाथरावांनी फिल्मची पिशवी मांडीवरून खाली ठेवली. आयएनए बाजाराच्या सिग्नलला त्यांनी घसा खाकरला. "रमा, काही... त्रास होतो का तुला?"

रमाबाईंनी आधी त्यांच्याकडे नीट बघून घेतलं. मग गुडघ्यांपासून सुरुवात केली. क्वार्टरच्या फाटकाशी ऑटो थांबली तेव्हा त्या जेमतेम कमरेपर्यंत आल्या होत्या.